पी. टी.च्या बाईंना कोण विचारतं?

२०२५ च्या २ नोव्हेंबरची रात्र आठवतेय ना, मैत्रिणींनो? नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि क्रिकेटचा विश्वचषक उचलला. एरवी मॅच लागली की रिमोट शोधणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या आज्यासुद्धा त्या रात्री जाग्या होत्या. पुढचे काही दिवस नुसता कौतुकाचा पाऊस! सांगलीची स्मृती मानधना, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज, प्रशिक्षक अमोल मुजुमदार... सत्कार झाले, बक्षिसं जाहीर झाली. व्हायलाच हवीत. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. त्याचा गाजावाजा जरा कमीच झाला, पण निदान नाव तरी कळलं.

हे सगळं बघताना माझ्या मनात एकच यायचं. या मुलींपैकी कितीजणींच्या हातात चेंडू किंवा पायात पळणं पहिल्यांदा आलं ते शाळेच्या मैदानावर? आणि त्या मैदानावर शिट्टी गळ्यात अडकवून उभ्या असलेल्या बाईंना किंवा सरांना किती सत्कारांचं आमंत्रण जात असेल?

आपल्याकडे गौरवाची शिडी आहे, पण ती वरूनच सुरू होते. खेळाडूला अर्जुन पुरस्कार, त्याच्या प्रशिक्षकाला १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार. राज्याच्या शिवछत्रपती पुरस्कारांतही मार्गदर्शकांचा मान ठेवलेला आहे. पी. टी. उषाचंच उदाहरण घ्या. तिचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार पहिल्याच वर्षी द्रोणाचार्य ठरले आणि ते योग्यच होतं. पण उषा चौथीत असताना तिला शाळेतल्या वरच्या वर्गातल्या अव्वल धावपटूबरोबर पळायला उभं केलं, ते शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांनी. ती जिंकली आणि मगच लोकांचं लक्ष गेलं. ती शर्यत लावलीच नसती तर? चौथीतल्या मुलीला स्वतःहून कुठे ठाऊक असतं की आपण वेगाने पळतो!

आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर घ्या. दुष्काळी भाग, शाळेत असताना खो-खो खेळायची. तीच ललिता २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. उषानंतर तब्बल ३२ वर्षांनी एक भारतीय बाई ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीला उभी राहिली होती. खो-खोला ना महागडं सामान लागतं, ना मोठं मैदान. दोन खांब, फक्कीच्या रेघा आणि रोज संध्याकाळी तासभर थांबणारं एक माणूस लागतं. या यादीतली शेवटची गोष्टच मिळायला सगळ्यात अवघड.

किशोरी गटांच्या कामामुळे तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत माझं नेहमी जाणंयेणं असतं. तिथल्या क्रीडाशिक्षिकेला सगळं गाव ‘खेळाच्या बाई’ म्हणतं. त्यांचा दिवस मी जवळून पाहिलाय. सकाळी प्रार्थनेची रांग त्यांनी लावायची. कुणाचा शर्ट बाहेर, कुणाच्या केसांना रिबीन नाही, ते बघायचं. उशिरा येणाऱ्यांना फाटकात अडवायचं. कुणी शिक्षक रजेवर असले की मोकळा तास ‘बघा हो बाई जरा’ म्हणून यांच्याच गळ्यात. पंधरा ऑगस्ट-सव्वीस जानेवारीची कवायत, लेझीम, स्नेहसंमेलनाचा मंडप, सहलीची बस, शिवाय निवडणुकीची ड्यूटी. या सगळ्यातून उरलेल्या वेळात खेळ!

आणि खेळ म्हणजे काय नुसती शिट्टी वाजवणं? शालेय स्पर्धांचा मोसम आला की बाई कारकून होतात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन वयोगट. प्रत्येकीचा जन्मदाखला, फोटो, मुख्याध्यापकांच्या सहीचं ओळखपत्र, ऑनलाइन प्रवेशिका. एका मुलीच्या आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख वेगळी निघाली की संघातून एक नाव बाद. मग बाई तिच्या आईला घेऊन तहसील कचेरीत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत संघ पुढे गेला की आनंद तर होतोच, पण खर्चही वाढत जातो. जीपचं भाडं, मुलींचं जेवण, कुणाचा बूट फाटला तर तो. शाळेकडून मिळतं ते कधी पुरतं, कधी उशिरा येतं. बाईंच्या पर्समध्ये एक छोटी डायरी असते, तीत हा सगळा हिशेब. ‘घरच्यांना दाखवत नाही,’ असं एकदा हसत म्हणाल्या. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात ना, त्यांचे प्रस्तावही याच बाई भरतात. पालक मात्र पेढे घेऊन जातात ते इंग्रजीच्या सरांकडे!

पण या कामातला सगळ्यात मोलाचा भाग कुठल्याच प्रवेशिकेत मावत नाही. मुलगी आठवीत जाते आणि अचानक मैदानावर दिसेनाशी होते. विचारलं तर ‘पोट दुखतं’, ‘आई नको म्हणते’, ‘आता मोठी झाली ना’. खेळायच्या कपड्यांवरून घरात कुरबूर, काळी पडशील म्हणून आजीची काळजी, संध्याकाळी उशीर नको म्हणून वडिलांचा हुकूम. त्यातच घरची धाकटी भावंडं आणि पाणी भरायची वेळ. अशा वेळी घरी जाऊन, चहा पिऊन, ‘पोरीची जबाबदारी माझी’ म्हणणारी बाई असली तर त्या मुलीला आणखी तीन वर्षं मिळतात. आमच्या गटातल्या बायका दहा सभा घेऊन जे साधत नाहीत, ते या बाई अंगणातल्या खाटेवर बसून अर्ध्या तासात साधतात, कारण आईबापांचा त्यांच्यावर विश्वास असतो. टेबलाच्या खणात सॅनिटरी पॅडचं पाकीट ठेवणाऱ्या, ‘पाळीतही पळता येतं आणि नसेल बरं वाटत तर बसताही येतं’ असं साध्या शब्दांत सांगणाऱ्याही त्याच. हा धडा कुठल्या पुस्तकात आहे?

२०२३ च्या जानेवारीत महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर धरणं धरून बसल्या, तेव्हा टीव्ही बघून बऱ्याच घरांत पुन्हा जुनी भीती जागी झाली. ‘बघा, एवढ्या मोठ्या पैलवान मुलींची ही कथा, मग आपल्या पोरीचं काय?’ असं मला दोन-तीन आयांनी थेट विचारलं. भीती खोटी कशी म्हणायची? पण त्यावर उपाय मुलीला घरी बसवणं हा नाही. बाहेरगावी जाताना संघाबरोबर शाळेची बाई असणं, मुक्कामाची सोय आधी बघितलेली असणं, तक्रार कुणाकडे करायची ते मुलीला माहीत असणं हा आहे. म्हणजे पुन्हा फिरून गाडी त्या बाईंपाशीच येते. त्या पदावर कुणी नसेल तर मुलींचा संघ हरत नाही, तो बनतच नाही. आणि न बनलेल्या संघाची बातमी कुठे छापून येते?

आता सरकार काय म्हणतं ते बघू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं, प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य हवं असं स्पष्ट लिहिलंय. शिक्षकांचा मुद्दा आला की मात्र हात आखडलेला. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी ‘अंशकालीन निदेशक’. अंशकालीन! पुढे २०१५ च्या ऑक्टोबरात आपल्या राज्यात ‘अतिथी निदेशकां’ची टूम निघाली, तेव्हा कला आणि क्रीडा शिक्षक रस्त्यावर उतरले होते. पाहुणा म्हणून येणारा माणूस आठवीतल्या पोरीच्या घरी चहा प्यायला कशाला जाईल, मला सांगा. आधीच भरती थांबलेली, संचमान्यतेत पटाचं गणित. एखाद्या शाळेतले क्रीडाशिक्षक निवृत्त झाले की ती जागा भरली जाईल याची खात्री नाही. भूगोलाच्या बाईंना सांगितलं जातं, ‘तेवढा खेळही बघा.’ दुसरीकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मात्र अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंतच नको असं म्हटलंय. वाचायला फार छान वाटतं. पण आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेत शारीरिक शिक्षणाला टक्केवारीत न धरली जाणारी नुसती श्रेणी, आणि जानेवारी उजाडला की खेळाचे तास गणिताला!

माझी मावसबहीण अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिची मुलगी तिथल्या हायस्कूलच्या व्हॉलीबॉल संघात आहे. तिच्याकडून मला ‘ॲथलेटिक डायरेक्टर’ हा प्रकार कळला. तिथे शाळेचे खेळ चालवणं हीच नोकरी असते. सामन्यांचं वेळापत्रक, पंच, बस, प्रशिक्षकांच्या नेमणुका, मुलांचे अभ्यासातले ग्रेड खेळण्याइतके आहेत की नाही, कुणाला दुखापत झाली तर काय, सगळं त्या एका टेबलावर. आपल्या खेळाच्या बाई करतात त्यातलं बरंचसं काम हेच, फक्त त्याला खुर्ची, पगार आणि नाव आहे. आणि मुलींच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत मुलगी म्हणून दुजाभाव करायचा नाही, आणि हे खेळालाही लागू. सरावाच्या वेळा, साहित्य, प्रवास, प्रशिक्षक या सगळ्यांत मुलींच्या वाट्याला काय येतं ते मोजलं जातं. कायदा आला तेव्हा त्या देशातल्या हायस्कूलांमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांहूनही कमी होत्या, २०१८-१९ मध्ये त्या ३४ लाखांवर गेल्या. नुसत्या कायद्याने हे होत नसतं. चांगली वेळ मुलांना आणि उरलेली मुलींना असं होऊ नये म्हणून शाळाशाळांत कुणीतरी वेळापत्रक घेऊन बसावं लागतं, ते काम या डायरेक्टरांकडे आलं. तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. शाळांचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता कराचा, त्यामुळे श्रीमंत वस्तीतल्या शाळेचं मैदान वेगळं आणि गरीब वस्तीतलं वेगळं. काही ठिकाणी खेळायची फीही भरावी लागते. तरीपण ‘हे काम कुणाचं?’ या प्रश्नाला तिथे उत्तर आहे.

आपल्याकडेही शिक्षकांनी पोरांसाठी पदरमोड केल्याच्या कथा काही कमी नाहीत. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकलेले खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले, ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले म्हणून. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ही गोष्ट आपण फार अभिमानाने सांगतो. मला मात्र ती ऐकताना दर वेळी थोडं अवघडल्यासारखं होतं. घर गहाण ठेवायची वेळ शिक्षकावर यावी, यात अभिमान नेमका कुणी बाळगायचा? आणि आज सत्तर वर्षांनंतरही खेळाच्या बाईंच्या पर्समध्ये ती डायरी आहेच.

सगळेच क्रीडाशिक्षक असे झोकून देणारे असतात, असं मी म्हणत नाही. मुलांकडे चेंडू फेकून स्टाफरूममध्ये चहा पीत बसणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. मुलांना उन्हात उभं करून शिक्षा देणं म्हणजेच पी. टी., असं समजणारेही आहेत. पण कामचुकार गणिताचे सर निघाले म्हणून कुणी गणिताचं पद अंशकालीन करत नाही!

सत्काराचं म्हणाल तर शिक्षकदिनाला शाल-श्रीफळ द्यायला खर्च फारसा येत नाही, जरूर द्या. पण आपल्या हातात त्याहून जास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. म्हणजे आपणच! मी ज्या गावांत जाते तिथे समितीतल्या बायका बहुतेक वेळा सही करून घरी जातात. यंदा आमच्या गटाने ठरवलंय की जूनच्या पहिल्या बैठकीत चार प्रश्न विचारायचेच. खेळाचे तास वेळापत्रकात आहेत का, आणि जानेवारीत ते राहणार का? शाळेत क्रीडाशिक्षक आहे का, नसेल तर मागणी कधी पाठवली, त्या पत्राची प्रत दाखवा. मुलींचा संघ बाहेरगावी जाईल तेव्हा सोबत बाई कोण जाणार? आणि जीपचं भाडं कोण देणार?

एका शाळेत आम्ही हे गेल्या वर्षीच विचारून पाहिलं. मुख्याध्यापक आधी जरा गडबडले, मग कपाटातून फाइल काढायला लावली. क्रीडाशिक्षकाची मागणी करणारं शेवटचं पत्र तीन वर्षांपूर्वीचं निघालं. नवं पत्र त्याच दुपारी टाइप झालं, खाली समितीतल्या पाच बायकांच्या सह्या झाल्या. उत्तर अजून आलेलं नाही. जीपच्या भाड्याचा ठराव मात्र मंजूर झाला, आणि सप्टेंबरात तालुक्याला मुलींचा कबड्डीचा संघ गेला. बाकावर बसायला राखीव खेळाडूही होत्या, हे मुद्दाम सांगते, कारण त्याच्या आदल्या वर्षी सात मुली जमवतानाच नाकी नऊ आले होते.