नदीकाठची खोली, पण चातुर्मास सरल्यावर



श्रावणात मुलाने भीमाशंकरच्या वाटेवर, घोड नदीकाठची खोली दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली. मी म्हटलं, ‘चातुर्मासात नको.’ सून म्हणाली, ‘आई, तो नियम साधूंना, आपल्याला कुठे?’

खरं आहे. पण साधू-साध्वी विहार का थांबवतात? पावसात पायाखाली जीव असतात म्हणून. तिथे तर प्रत्येक पायवाटेवर गांडुळं, गोगलगायी, खेकडे. रात्री बाहेर दिवा लावला की कीटक झेपावून मरतात. १९८५ साली तिथलं अभयारण्य झालं ते शेकरूसारख्या जीवांसाठी, आपल्या गाड्यांसाठी नव्हे.

जाऊच नये, असं मात्र मी म्हणत नाही. खोली देणाऱ्यांचंही घर त्यावर चालतं. म्हणून बुकिंग मोडलं नाही, तारीख कार्तिकी पौर्णिमेनंतरची घेतली. तिथल्या मावशींना आधीच सांगितलं होतं. त्यांनी सूर्यास्ताआधी, लसणाशिवाय पिठलं-भाकरी वाढली. पाणी गाळून जिवाणी त्याच विहिरीत सोडली. सकाळी नातवाला शेकरूचं घरटं दिसलं.

सहल बुडली नाही, फक्त तीन महिने पुढे गेली. एवढं तर आपल्याला नक्की जमेल.