गोधडीचे मोल आणि गोधडीची मालकी

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात २००२ साली अलाबामा राज्यातील जीज बेंड या खेड्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या भिंतीवर चढल्या आणि समीक्षकांना मातीस व क्ले आठवले. विरलेल्या चादरी, रिकामी पोती, शेतात झिजलेल्या विजारी यांतून शिवलेले हे काम श्रेष्ठ आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो या कौतुकातील सोयीस्कर विस्मरणाबद्दल.

म्हणे ही प्रतिभा एकांतात उमलली! पण तो एकांत निसर्गाने दिलेला नव्हता. पेटवे नावाच्या मळेवाल्याने ज्यांना गुलाम म्हणून राबवले, त्यांचे वंशज येथे त्याचेच आडनाव लावून राहतात. १९३२ साली एका व्यापाऱ्याच्या विधवेने थकलेल्या कर्जापोटी त्यांची गुरे, अवजारे, धान्य ओढून नेले. मतदानाच्या हक्काची चळवळ उभी राहू लागताच, १९६२ साली, नदीपलीकडच्या कॅमडेनला नेणारी नाव बंद झाली. ती २००६ साली पुन्हा सुरू झाली. चव्वेचाळीस वर्षांच्या या नाकेबंदीला कलेला पोषक एकांत म्हणणे ही कसली रसिकता? मिसूरी पेटवे या स्त्रीने १९४२ साली दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिच्यातले विटलेले निळे रंग चित्रकाराने निवडलेले नाहीत. ते उन्हाने आणि घामाने विटले आहेत.

समीक्षक आणखी एक गोष्ट गाळतात. रूझवेल्ट राजवटीत सरकारने तेथील मळ्याची जमीन विकत घेतली व पुढे ती कुळांच्या मालकीची झाली. म्हणूनच १९६५ साली मतदार म्हणून नाव नोंदवणारी आसपासची कुळे हुसकावली गेली, तेव्हा जीज बेंडकरांना कोणी हलवू शकले नाही. १९६६ साली त्या परिसरातील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. मोठ्या दुकानांच्या मागण्यांमुळे शिवणकाम साचेबंद झाले, हे खरे. पण हाती रोख मजुरी आली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लख्ख दिसते. चिंधीची किंमत शून्य. मग भिंतीवर जे मूल्य प्रकटते ते शिवणारणीच्या श्रमाचे आणि संग्रहालयाच्या शिक्क्याचे. आणि शिक्का तिच्या हाती नसतो. संग्राहक नसते तर गोधड्या कुजून गेल्या असत्या, असा युक्तिवाद केला जातो. कबूल, त्यांना मेहनताना द्यावा. पण मेहनताना म्हणजे मालकी नव्हे. योग्य मोबदला मिळाला नाही, असा दावा काही शिवणारणींनी २००७ साली न्यायालयात केला. संग्राहकांनी तो नाकारला आणि २००८ साली प्रकरण मिटले.

प्रश्न मात्र मिटला नाही. २०२४ साली एका बड्या दुकानसाखळीने गावातील पाच स्त्रियांच्या रचनांवरून माल विकला. त्यांना ठोक रक्कम मिळाली. विक्रीच्या प्रमाणात वाटा नाही. सौदा सामुदायिकपणे करू शकली असती ती सहकारी संस्था २०१२ सालीच बंद पडली होती.