उद्याचा व्यापारी आज दारी

नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या सुमात्राचा, राजा बालपुत्रदेव याने नालंदा येथे विहार उभारला आणि त्याच्या निर्वाहासाठी पालनरेश देवपालाने पाच गावे दिली. नालंदेत सापडलेला ताम्रपट याची साक्ष देतो. सुवर्णद्वीपाचे वैभव सागरी व्यापारावर उभे होते. ज्या मार्गाने माल येत-जात होता, त्याच मार्गाने विद्याही येत-जात होती.

हे सूत्र आपण विसरलो, इतरांनी मात्र ते उचलले. २०२३-२४ साली ऑस्ट्रेलियाच्या निर्यातीत लोहखनिज, कोळसा आणि नैसर्गिक वायू यांच्या पाठोपाठ शिक्षणाचा क्रमांक लागला. परदेशी विद्यार्थ्याने भरलेले शुल्क, घरभाडे, किराणा ही यजमान देशाची निर्यातच होय. फरक इतकाच की, माल बंदरातून बाहेर जात नाही, ग्राहकच दारी येतो. खरा लाभ तर पुढचाच आहे. पदवी घेऊन परतणारा तरुण यजमान देशाची भाषा, तेथील यंत्रे, औषधे आणि व्यवहाराची रीत सोबत नेतो. उद्या तो आयातदार, डॉक्टर वा सचिव झाला की, माल कोठून मागवावा हा प्रश्न त्याला पडत नाही. जो विश्वास जाहिरातींवर कोट्यवधी खर्चूनही मिळत नाही, तो वसतिगृहातल्या चार वर्षांत मिळतो.

शिमल्यात शिकलेले हमीद करझाई अफगाणिस्तानचे राष्ट्राध्यक्ष असताना, २००९ साली, भारताने बांधलेला झरंज-देलाराम रस्ता पूर्ण झाला. पाकिस्तानला वळसा घालून इराणमार्गे भारतीय मालाला वाट देणारा हा रस्ता. त्याचे श्रेय एकट्या शिक्षणाला देणे अतिशयोक्तीचे ठरेल; पण परक्याशी केलेला करार आणि ओळखीच्याशी केलेला करार यांत अंतर असतेच.

२०२१-२२ साली भारतात सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी होते. त्यांत सर्वाधिक नेपाळचे. याउलट २०२४ साली परदेशी शिकणारे भारतीय १३ लाखांहून अधिक होते. ही तफावत केवळ विद्यापीठांच्या दर्जाची नाही. पुण्यात डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ साली ‘सिंबायोसिस’ स्थापन केली, ती परदेशी विद्यार्थ्यांचा एकाकीपणा पाहूनच. अर्धशतकानंतरही आफ्रिकेतील मुलाला घर भाड्याने देताना आपला हात आखडतो. २००९ साली मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा आपण संतापलो, आणि तो संताप रास्तच होता. त्यानंतर तेथे जाणाऱ्या भारतीयांची संख्या झपाट्याने घटली. मग २०१७ साली ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली तेव्हा आफ्रिकेतील घराघरांत काय वाटले असेल?

शासनाने शिष्यवृत्त्या वाढवाव्यात, व्हिसाचे नियम सुलभ करावेत. ते त्याचे कर्तव्यच आहे. पण अतिथिधर्म अध्यादेशाने पाळला जात नाही. तो घरमालकाच्या, शेजाऱ्याच्या आणि रिक्षावाल्याच्या वागण्यातून दिसतो. नालंदेचा अभिमान मिरवणाऱ्या समाजाने परदेशी विद्यार्थ्याला सणाच्या दिवशी आपल्या पंगतीत बसवावे. विश्वगुरुपदाची वाट तेथूनच सुरू होते, आणि व्यापाराचीही.