आत्मकथन नको, मला कादंबरीच लिहायची आहे

मागच्या महिन्यात एका साहित्यिक कार्यक्रमात एका ज्येष्ठ समीक्षकांशी ओळख झाली. मी निवृत्त अव्वल कारकून आहे, वय ६१, पहिली कादंबरी लिहितोय, असं सांगितलं. ते म्हणाले, "कादंबरी कशाला? आत्मकथन लिहा. तुमच्या समाजाचं जगणं बाहेर येऊ द्या." त्याच आठवड्यात जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी खांद्यावर हात ठेवला. "मियां, ये उमर में अल्ला-अल्ला करना छोड़को झूटे किस्से कायको लिखते?"

दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होते, पण दोघंही चुकत होते. एकाला माझ्याकडून साक्ष हवी आहे, दुसऱ्याला तौबा. साठी ओलांडलेल्या मुसलमानाने कल्पना करावी, हे दोघांनाही पटत नाही.

आधी खोटेपणाचं बघू. हिंगोली जिल्ह्यातल्या महसुली कचेऱ्यांमध्ये माझी ३४ वर्षं गेली. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळी झाली, तेव्हा दप्तरं उचलून आणणाऱ्यांत मीही होतो. गारपिटीचे, पुराचे कितीतरी पंचनामे या डोळ्यांखालून गेले. 'समक्ष पाहणी केली' असं लिहिलेलं असायचं आणि पाहणी झालेली नसायची. त्यावर सही, शिक्का, तारीख सगळं असायचं. त्याला कुणी झूठ म्हटलं नाही. कादंबरीवाला मात्र पहिल्या पानावरच कबूल करतो की हे रचलेलं आहे. मग यातलं खोटं कोणतं?

आता आत्मकथनाचं. त्याबद्दल मला आदरच आहे. शांताबाई कांबळे यांनी शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली, ती मी दोनदा वाचली. पण त्यांचं सोसणं त्यांचं होतं. माझी गोष्ट तशी नाही.

निराधार योजनेसाठी एक म्हातारी माझ्या टेबलापुढे आली होती. जन्मतारीख विचारली तर म्हणाली, "पुलिस अ‍ॅक्शन हुवा तब मैं अम्मी के कमर पो थी, साब." म्हणजे १९४८. या मुलखात त्याहून पक्की तारीख दुसरी नाही. पण ती कागदावर नव्हती. मी टिपणी लिहिली, 'वयाचा पुरावा जोडलेला नाही, सबब अर्ज निकाली.' ती तीन वेळा आली आणि नंतर आली नाही. दाखला कुठून, कसा मिळवायचा हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. जेवणाची सुट्टी झाली होती.

आत्मकथन लिहिलं तर मी टेबलाच्या याच बाजूला बसलेला राहणार. फार तर पश्चात्ताप करणारा भला माणूस म्हणून वाचकांची शाबासकी मिळवणार. मला त्या बाजूला जाऊन बसायचं आहे. ती घरी परत कशी गेली, सुनेला काय म्हणाली, हे मला माहीत नाही. तिला विचारायची सोयही राहिली नाही. आता ते रचावंच लागेल, आणि रचण्याला कादंबरी म्हणतात.

वयाचं काय? आपल्याकडे भालचंद्र नेमाड्यांनी पंचविशीत 'कोसला' लिहिली याची आख्यायिका झाली. त्याच नेमाड्यांची 'हिंदू' २०१० साली, बहात्तराव्या वर्षी आली, हे कुणी तेवढ्या कौतुकाने सांगत नाही. सोलापूरच्या त्र्यं. वि. सरदेशमुखांना 'डांगोरा एका नगरीचा' या कादंबरीसाठी २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. उर्दूचे शम्सुर्रहमान फारूकी टपाल खात्यातले अधिकारी. १९९४ ला निवृत्त झाले आणि 'कई चाँद थे सर-ए-आसमाँ' ही त्यांची भलीमोठी कादंबरी २००६ मध्ये आली, सत्तरीत. खरं आहे, ते आधीपासून मोठे समीक्षक होते, माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. पण मुद्दा शिल्लक राहतोच. आणि हमीद दलवाई? 'इंधन' १९६५ ची, आणि १९७७ मध्ये ते गेले, अवघ्या ४४ व्या वर्षी. त्यांना हे दुसरं वय मिळालंच नाही. ज्याला मिळालं त्याने ते फक्त तसबीह ओढण्यात घालवावं, हा कुठला न्याय? मी पाच वक्त नमाज पढतो. मधल्या वेळात लिहितो.

'मग उर्दूत का नाही?' हाही प्रश्न येतो. घरात मी दखनी बोलतो, पण तिचा अर्ज मी मराठीत निकाली काढला होता. माफीही त्याच भाषेत मागायला हवी.

उशिरा सुरू करण्यात तोटे आहेतच. डोळे दुखतात, नावं विसरतात, पहिला खर्डा मलाच वाचवला नाही. पण आमच्याच जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नाव झालेलं असताना गोरोबाकाकांनी डोक्यावर थापटून सांगितलं, हे मडकं कच्चं आहे. नामदेव रुसले, पण मग औंढ्याला विसोबांकडे शिकायला गेले. जाणत्या वयात कच्चं ठरायची लाज वाटत नसेल, तर शिकायला उशीर होत नाही.

समीक्षकसाहेब, बुजुर्गांनो, तुमचा सल्ला वाचला, नोंद घेतली. अर्ज मात्र निकाली काढू नका. माझी १४० पानं झाली आहेत.