आई चालेना!

यंदा दिवाळीला माझी मावशी दोन्ही मुलांना घेऊन आमच्याकडे आली आहे. मावशी भारतीय, तिचे यजमान जर्मन. मुलगे दोघेही तिकडेच जन्मले. थोरला १९९१ साली, धाकटा १९९३ साली. कायद्याने धाकटा जन्मतः भारतीय ठरला, थोरला ठरला नाही. फराळ करता करता आमच्या चिरंजीवांनी मला पेचात टाकले, "पण बाबा, आई तर एकच ना?"

मी मराठीचा मास्तर, वकील नव्हे. तरी पुस्तके काढून बसलो.

आपली घटना या बाबतीत उदार होती. माणूस येथेच कायमचा राहत असेल, तर आई किंवा बाप, कुणाचाही भारतातला जन्म तिला पुरे होता. पुढे १९५५ चा नागरिकत्व कायदा आला. येथे जन्मलेले मूल, थोडे अपवाद सोडले तर, भारतीयच. परदेशी जन्मलेल्याला मात्र कायदा एवढेच विचारी, "बाप भारतीय आहे का?" आईला कुणी विचारीना. गंमत पाहा, १९६२ साली गोमंतकीयांसाठी जो आदेश निघाला, त्यात आजी-आजोबांपैकी एकाचा तिथला जन्मही चालला. आजी चालली, आई चालेना! ही चूक सुधारायला १० डिसेंबर १९९२ उजाडावा लागला. थोरला तोवर चालू लागला होता.

मात्र त्याआधीच, १ जुलै १९८७ पासून, नुसता येथला जन्म पुरेनासा झाला. आईबापांपैकी एक नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून तर एक नागरिक असला तरी दुसरा बेकायदा आलेला नसावा, अशी अट पडली. सरहद्द ओलांडून येणाऱ्यांची चिंता यामागे होती, आणि ती अगदीच खोटी नव्हे. पण पाळण्यातल्या पोराने आईबापांच्या कागदांचा जाब का द्यावा, हे मला उमगत नाही. मातेची साक्ष कायद्याने मानली खरी. मातृभूमीची एकटीची साक्ष मात्र आता चालत नाही.

हे सारे मी मावशीला ऐकवले. ती उटणे कालवीत होती. म्हणाली, "असेल बाबा तुमचा कायदा. मी दोघांना एकाच वाटीतले तेल लावते."