बंद यंत्राची चौकशी

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत डोंगर फोडून खडी क्रशर धडधडू लागला, की ग्रामस्थांच्या तक्रारी निघतात: सुरुंगांनी भिंतींना तडे गेले, भातखाचरांवर पांढरी पूड बसली. पुढची चौकशी बहुधा ठरलेली असते. आगाऊ निरोप जातो, क्रशर बंद राहतो, रस्त्यावर पाण्याचा टँकर फिरतो आणि ‘धूळ आढळली नाही’ असा पंचनामा होतो. आम्ही हिला चौकशी मानीत नाही.

कायदा तोकडा आहे, असे कोणी सांगू नये. वारा अडवणारी भिंत, पाण्याचे फवारे, पक्के रस्ते, झाडांचा पट्टा हे सारे पर्यावरण संरक्षण नियमांत आहे. यंत्रापासून ३ ते १० मीटरवर तरंगती धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी, हेही आहे. बंद यंत्रापाशी ती मोजणार कशी? ५ हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरणीय मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार खटल्यात बजावले. एका डोंगराचे कागदोपत्री तुकडे पाडणाऱ्यांची पळवाट त्याने बुजवायची होती.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात अशा विचारविनिमयात स्थानिक जनतेला खास स्थान दिले. येथे तक्रारदाराला पाहणीची तारीखही कळत नाही! मोजणी चालू यंत्रापाशी, तक्रारदारांसमक्ष व्हावी व अहवाल ग्रामसभेत वाचला जावा.

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहाखालची खडी कोणत्या डोंगराची, हे बांधताना आम्हीही विचारले नव्हते. ठेकेदाराला आता पत्र धाडले आहे. उत्तर अद्याप नाही.