नाव बाटलीवर, नाव सातबाऱ्यावर

मैत्रिणींनो,

या वेळचं संपादकीय शॅम्पेनवर लिहिणार आहे असं म्हटल्यावर आमच्या बैठकीत आधी हशा पिकला आणि मग वाद झाला. आपल्यातल्या कितीजणी दारूच्या दुकानासमोर रात्र-रात्र बसल्या आहेत! गावागावांत मतदान घडवून आपण बाटली आडवी केली. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांमधून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा निवेदनं घेऊन आपणच उभ्या राहिलो. मग आता श्रीमंतांच्या दारूचं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. पण मला कौतुक करायचं नाही. त्या बाटलीवर ज्या बाईचं नाव आहे, तिच्याविषयी बोलायचं आहे. आणि ज्यांचं नाव कशावरच नाही, त्यांच्याविषयीही.

निमित्त घडलं ते असं. दिंडोरी तालुक्यात आम्ही एकट्या स्त्रियांसाठी जमीनहक्काचं शिबिर घेतलं होतं. पंचवीस-तीस जणी होत्या. कुणाची स्वतःची बाग, कुणी दुसऱ्याच्या बागेत विरळणीला जाणारी. दुसऱ्या दिवशी बायका म्हणाल्या, "ताई, आपली द्राक्षं जातात तरी कुठं, ते एकदा बघू." म्हणून जवळच्या एका वायनरीत गेलो. तिथल्या माहिती देणाऱ्या मुलीने फ्रान्समधल्या शॅम्पेनची गोष्ट सांगितली. म्हणाली, तिथली मोठमोठी घराणी विधवांनी चालवली, एका प्रसिद्ध बाटलीवर तर 'विधवा' असंच छापलेलं असतं. बायका ऐकत होत्या. एकीने, नवरा जाऊन दोन वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर अजून नाव लागलेलं नाही अशा एकीने, हळूच विचारलं, "म्हंजी तिकडं पण नवरा गेल्याशिवाय बाईचं नाव लागत नाही का हो, ताई?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. परत आल्यावर वाचत गेले. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

फ्रान्सच्या ईशान्येला, मार्न नदीच्या काठी एक गाव आहे. त्याच्या नावाचा उच्चार आपल्या 'आई' या शब्दासारखाच होतो. या आई गावात १८२९ साली बोलँजे हे घराणं सुरू झालं, आणि आजही ते त्याच कुटुंबाच्या मालकीचं आहे. त्या भागातली कितीतरी जुनी नावं आता मोठ्या कंपन्यांच्या पोटात गेली. हे घराणं राहिलं. त्याच्या टिकण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. तिचं नाव एलिझाबेथ, सगळे म्हणत लिली.

लिलीचा जन्म १८९९ चा. १९२३ साली ती बोलँजेंच्या घरात लग्न होऊन आली. १९४१ साली नवरा वारला. फ्रान्सवर तेव्हा जर्मन सैन्याचा ताबा होता. मूलबाळ नव्हतं. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून ही बाई सायकलवर टांग मारून मळ्यामळ्यांतून फिरायची, वेली बघायची, माणसांशी बोलायची. तीस वर्षं, म्हणजे १९७१ पर्यंत, तिने घराण्याचा कारभार पाहिला.

एक गोष्ट वाचून मी थांबलेच. फ्रेंच बायकांना मताधिकार मिळाला १९४४ साली, आणि पहिलं मतदान त्यांनी केलं १९४५ साली. म्हणजे ही बाई चार वर्षं एवढा मोठा व्यवसाय सांभाळत होती, माणसं ठेवत होती, करार करत होती, पण स्वतःच्या गावाच्या निवडणुकीत तिला मत नव्हतं.

हे घराणं ज्या परंपरेचा अभिमान सांगतं, ती परंपरा म्हणजे मुख्यतः हातांची आणि धीराची. शॅम्पेनच्या मळ्यांत द्राक्षं हातानेच तोडावी लागतात, तसा नियमच आहे. रस काढताना चार हजार किलो द्राक्षांमागे २५५० लिटरच घेता येतो, त्याहून जास्त पिळायचं नाही. रस एकदा आंबला की वाइन बाटलीत भरून थोडी साखर आणि यीस्ट घालतात, आणि ती बाटलीतच पुन्हा आंबते. बुडबुडे येतात ते त्यातून. मग ती थंड तळघरात आडवी पडून राहते. साध्या शॅम्पेनला बाटलीत किमान पंधरा महिने, एकाच वर्षाच्या पिकाच्या शॅम्पेनला तीन वर्षं. शेवटी बाटली थोडी थोडी फिरवत उलटी करायची, गाळ तोंडाशी आणायचा आणि तो उडवून टाकायचा. पूर्वी दाब वाढून बाटल्या फुटायच्या, म्हणून तळघरातले कामगार तोंडावर जाळीचे मुखवटे घालून वावरत.

बोलँजेंकडे यातलं बरंच जुन्या वळणाने चालतं. वाइन आंबवायला लहान ओक पिंपं वापरतात आणि ती दुरुस्त करायला घरचा पिंपकारागीर आहे. लिलीने यात स्वतःची भर घातली. गाळावर वर्षानुवर्षं मुरलेली वाइन अगदी बाजारात न्यायच्या सुमारास गाळमुक्त करायची, ही कल्पना तिच्या काळात, १९६७ साली, बाजारात आली. दुसरी गोष्ट आपल्या बागवाल्या बायकांना चटकन समजेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्झेरा नावाच्या किडीने युरोपातल्या द्राक्षवेलींची मुळं खाऊन टाकली. तेव्हापासून तिथे अमेरिकी खुंटावर कलम करतात, जसं आपल्याकडे डॉगरिज खुंटावर करतात. पण या घराण्याच्या आई गावातल्या दोन लहान, भिंतीआडच्या तुकड्यांत वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत आणि दाब कलमाने वाढवल्या जातात. त्या वेलींची वेगळी वाइन १९६९ च्या पिकापासून सुरू झाली, ती लिलीच्या सत्तरीच्या निमित्ताने.

स्वतःच्या मुळांवर उभी राहिलेली बाई, असं म्हणून मला हे संपादकीय इथेच गोड करता आलं असतं. पण शिबिरातला तो प्रश्न सोडत नाही. नवरा गेल्याशिवाय का नाही?

त्याचं उत्तर कायद्यात आहे. १८०४ साली नेपोलियनच्या राजवटीत फ्रान्सची दिवाणी संहिता आली. तिच्यानुसार बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहायचं होतं. त्याच्या संमतीशिवाय तिला करार करता येत नव्हता की मालमत्ता विकता येत नव्हती. लग्नाआधी बापाचं घर, लग्नानंतर नवऱ्याचं. विधवेवर मात्र नवऱ्याची सत्ता उरत नसे. ती सही करू शकत होती. दुसऱ्याच वर्षी, १८०५ साली, रँस शहरातली बार्ब-निकोल क्लिको सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. सासऱ्यांना राजी करून तिने धंदा हाती घेतला, वाढवला, रशियापर्यंत माल पोचवला. बाटल्या फिरवून गाळ तोंडाशी आणायची पद्धत तिच्याच तळघरात बसवली गेली. बाटलीवरची 'विधवा' ती हीच. पुढे १८५८ साली लुईझ पोमेरी विधवा झाली आणि तिनेही घराण्याला नाव मिळवून दिलं. त्या मुलखात अशा आणखीही विधवा झाल्या.

या बायका कर्तबगार होत्या, यात शंका नाही. पण कर्तबगारी नवऱ्याच्या मरणाबरोबर उगवत नसते. ती आधीपासून असणार. त्यांच्याच काळात ज्यांचे नवरे दीर्घायुषी झाले, त्या किती बायकांची हुशारी हिशेबाच्या वहीत बिननावाने गेली असेल? फ्रान्समध्ये १९६५ पर्यंत नवरा बायकोच्या नोकरीला हरकत घेऊ शकत होता, आणि तिला स्वतःच्या नावाने बँकेत मोकळेपणाने खातं उघडता येत नव्हतं. लिली बोलँजे घराण्याच्या चेकवर सह्या करत होती, तेव्हा तिच्याच गावातल्या नवरा असलेल्या बायकांची ही स्थिती होती.

आणि वारसा पुढे कुणाकडे गेला? क्लिकोबाईंना मुलगी होती. धंदा मात्र गेला त्यांच्या पुरुष भागीदाराकडे. लिलीनंतर सूत्रं आली ती घरच्या पुरुषांकडे. मधल्या काळात बाईने घर सावरायचं आणि मग किल्ल्या पुन्हा पुरुषाच्या हाती द्यायच्या, ही रीत आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

आता दुसरी बाजू. क्लिको आणि बोलँजे या पैसेवाल्या, प्रतिष्ठित घरांतल्या बायका होत्या. ज्यांनी द्राक्षं तोडली, त्या बायकांची नावं कुठल्याच बाटलीवर नाहीत. १९१४ साली पुरुष लढाईवर गेले तेव्हा तोफांच्या आवाजात तोडणी केली ती बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांनी. २०१५ साली युनेस्कोने शॅम्पेनच्या टेकड्या, इमारती आणि तळघरं जागतिक वारशात घेतली. दरवर्षी तोडणीला लाखभर माणसं लागतात. २०२३ च्या सप्टेंबरात उन्हाच्या तडाख्यात तोडणी चालू असताना काही मजूर दगावले. त्याच हंगामात एका गावात पन्नासहून अधिक मजूर, बहुतेक पश्चिम आफ्रिकेतले, घाणीत आणि उपाशीपोटी कोंबून ठेवलेले सापडले. २०२५ च्या जुलैमध्ये तिथल्या न्यायालयाने तिघांना मानवी तस्करीच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं. मजूर पुरवणाऱ्या कंपनीची प्रमुख एक बाई होती. बोलँजे घराण्याचा या खटल्याशी काही संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. पण वारशाचं मोठेपण मोजताना या माणसांना हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. आणि मालकाच्या किंवा मुकादमाच्या जागी बाई आली की न्याय आपोआप येतो, या भोळेपणातूनही आपण बाहेर यायला हवं.

आपल्याकडे काय आहे? नारायणगावला १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने बुडबुड्यांची वाइन तयार होऊ लागली. २०१३ साली एका मोठ्या फ्रेंच उद्योगाने दिंडोरीत तशीच वाइन काढायला सुरुवात केली. बागांमध्ये छाटणीपासून खुडणीपर्यंत पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्या राबतात, त्यांत निम्म्या बायका. औषधाच्या पाण्यात घड बुडवून बुडवून त्यांच्या हातांची सालं जातात. काम एकरावर उक्तं घेतलं जातं, पैसे नवऱ्याच्या हातात पडतात. बाई जोडीतली अर्धी, मजुरीच्या वहीत मात्र नाही.

आणि बागवालीचं काय? आपल्या देशात १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा दिला, पण तो हयातीपुरता. १९५६ साली ती पूर्ण मालक झाली. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, साऱ्या देशाला तो २००५ साली मिळाला. कागदावर आपण फ्रान्सच्या फार मागे नाही. पण शिबिरात मी हात वर करायला सांगितलं, तेव्हा नवरा जिवंत असताना सातबाऱ्यावर नाव असलेल्या किती निघाल्या? दोन. विधवांपैकी निम्म्याजणींच्या वारस नोंदी झालेल्या नव्हत्या. दीर म्हणतो, "वहिनी, घाई काय आहे?" भाऊ राखी बांधून घेतो आणि हक्कसोडपत्र पुढे करतो. परित्यक्ता तर कुठेच बसत नाही. नवरा आहे म्हणून ती विधवा नाही, आणि नांदवत नाही म्हणून नांदतीही नाही. फ्रान्समधला तो विधवेचा दरवाजासुद्धा तिला बंद.

तेव्हा त्या ताईच्या प्रश्नाला माझं आजचं उत्तर असं आहे. होय, तिकडेही नवरा गेल्यावरच नाव लागत होतं. म्हणून आपल्याला त्या विधवांचं कर्तृत्व घ्यायचं आहे, त्यांची वाट मात्र घ्यायची नाही. बाईचं नाव नवरा जिवंत असताना लागलं पाहिजे, नवरा नसला तरी लागलं पाहिजे, आणि त्याने टाकलं तरी लागलं पाहिजे. बाग तिची असो वा ती बागेत मजूर असो, तिच्या कामाची नोंद तिच्याच नावाने झाली पाहिजे.

हा अंक मालमत्ता आणि एकट्या स्त्रिया या विषयाला वाहिला आहे. वारस नोंदीचा अर्ज कसा करायचा, फेरफाराला हरकत आली तर काय करायचं, हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी काय वाचायचं, हे सोप्या भाषेत आत दिलं आहे. गटांना एक विनंती. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा घेऊन यावं आणि तो सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचावा. कुणाकुणाची नावं आहेत, कुणाची असायला हवी होती, ते एका कागदावर लिहावं. मजूर मैत्रिणींनी या हंगामातली आपली मजुरी कुणाच्या हातात पडली, ते लिहावं. ते कागद आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.

दिंडोरीच्या त्या ताईने परवा निरोप पाठवला. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. दीर बोलत नाही. सासू मात्र तलाठ्याकडे बरोबर आली होती.

आपली,
संपादक मंडळाच्या वतीने